मास्तरांची पाठ

मास्तर उलटे चालायचे. रस्त्याकडे पाठ, आमच्याकडे तोंड. नवरदेवाच्या जानोशापासून नवरीच्या मंडपापर्यंत, नालीवरून, शेणावरून, नाचणाऱ्या पोरांच्या घोळक्यातून हा माणूस मागच्या मागे चालत जायचा आणि मान वळवून एकदाही बघायचा नाही. अंगात लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, डोक्यावर तुऱ्याची टोपी. वाजवायचं असलं की क्लॅरिनेट ओठाला, नसलं की ती बगलेत आणि दोन्ही हात आमच्यासाठी मोकळे. नव्या गावातल्या बायका तोंडाला पदर लावून म्हणायच्या, "अवो, हा मानूस पडन ना बाप्पा." तो काही पडायचा नाही. पडायची ती बघणारी माणसं, कारण त्यांचं लक्ष मास्तरांकडे असायचं.

गुपित साधं होतं. मास्तर रस्ता आमच्या तोंडावर वाचायचे. पुढच्या ओळीत मधोमध दौलत ट्रम्पेट घेऊन आणि त्याच्या बाजूला माइकच्या गाड्याशी मी. वाटेत गतिरोधक आला की दौलतच्या भुवया वर जायच्या. डावीकडे नाली असली की माझी नजर आपोआप डावीकडे झुकायची. समोरून गाय येत असली तर ढोलवाल्याचं तोंडच उघडं पडायचं. मास्तर त्यावरून ओळखायचे आणि बरोब्बर बाजूला सरायचे. हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. पहिल्या दिवशी त्यांनी मला एवढंच सांगितलं होतं, "बाई, तुमी फक्त रस्ता पाहा. तुमचं मी पाहतो. पन तोंड नोका लपवू. तुमी पदर ओढला तं मी नालीत जातो."

पदर ओढायची सवय मला होतीच. मी वडशाची. हिवाळाभर झाडीपट्टीच्या नाटकांत गायचं, धानाच्या बांधीतल्या मंडपात राणी व्हायचं, सासू व्हायचं, विधवा व्हायचं, आणि सीझन संपला की उन्हाळाभर घरी बसून भिंती मोजायच्या. तेव्हा एका सकाळी मास्तर स्टेशनसमोरच्या चहाच्या टपरीवर आले. आमची कंपनी नुकतीच गावोगाव फिरून परतली होती. मला म्हणाले, "तुमचा आवाज पडद्यात कोंडून राह्यला बाई. बाहेर काढाचा काय?" मास्तरांचा मोरपंख बँड तेव्हा जोरात होता. पण बँडमध्ये बाई म्हटलं की लोकांच्या डोळ्यांत काय येतं ते मला माहीत होतं आणि माझ्या आईला तर माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

मास्तर आईला समजवायला घरी आले. ओट्यावर बसले, पाणी प्याले आणि एकदम म्हणाले, "मावशी, तुमी चिंता नोका करू. मी उलटा चालतो. तुमच्या पोरीवरून माही नजर हटतच नाई." आई अशी भडकली की हातातला झाडू तिनं खाली ठेवला नाही. मग या भल्या माणसानं ओट्यावरून उठून अंगणात उलटं चालून दाखवलं, तुळशीला वळसा घातला, कोंबड्यांमधून वाट काढली आणि मास्तर परत जागेवर येऊन बसले. आईला हसू आवरेना. माझं बँडमधलं आयुष्य असं कोंबड्यांच्या साक्षीनं सुरू झालं.

आणि नजर खरोखरच हटली नाही. एकदा ब्रह्मपुरीच्या एका वरातीत नवरदेवाकडच्या कुणा पिलेल्या पाहुण्यानं माझ्या हातातला माइक धरला, आणि माइकसोबत हातही धरला. मास्तरांनी मूठ वर केली. मूठ वर म्हणजे सारं बंद. बँड थांबला की वरात थांबते, हे लग्नघराला तोवर माहीत नसतं. भर उन्हात घोड्यावरचा नवरदेव घामाघूम, करवल्या ताटकळलेल्या, भटजी मंडपातून निरोपावर निरोप पाठवतायत. मास्तर हू की चू न करता उभे. शेवटी नवरदेवाच्या बापानं त्या पाहुण्याला माझ्यासमोर आणून हात जोडायला लावले. मास्तर मला म्हणाले, "बाई, तुमचं मन झालं का? झालं तं वाजवू." त्या दिवसापासून मी पदर खांद्याच्या वर नेला नाही.

कुणी बेसूर वाजवलं तर मास्तर ओरडायचे नाहीत. स्वतःच्या कानाची पाळी दोन बोटांत धरायचे, बस. तेवढ्यानं दौलतसारखा दांडगा गडी लाजून चूर व्हायचा. नवीन कुणी सारखं चुकत असला तर वरात संपेपर्यंत मास्तरांचा कान लाल झालेला असायचा, आणि मग चहाच्या वेळी आम्ही त्या नव्याला म्हणायचो, जा, मास्तरांच्या कानाला तेल लावून दे.

सिंदेवाहीकडच्या एका गावाला वाघाची दहशत होती. वरात शेजारच्या टोल्यावरून, म्हणजे छोट्या वस्तीवरून, यायची होती आणि वाट जंगलाच्या कडेकडेनं. गावकरी म्हणाले, वाजवणं बंद करू नका, आवाजानं तो जवळ येत नाही. आम्ही सारखे झाडीकडे बघत होतो. मास्तर मात्र नेहमीसारखे जंगलाकडे पाठ करून निघाले. पोलीस पाटील म्हणाला, "मास्तर, आजच्या दिवस तरी सरळ चाला, मांगं पाहा." मास्तरांनी क्लॅरिनेट तोंडातून काढली. "कायले? वाघ आला तं दौलतच्या तोंडावर दिसन ना." एवढी भीती होती तरी आम्ही हसलो, आणि हसता हसता मंडपात पोचलो. दौलत तेवढा हसला नाही.

पण मला मास्तर आठवतात ते बिदाईचे. बिदाईला ते बँड वाजवू द्यायचे नाहीत. आम्ही सारे वाद्यं खाली करून उभे आणि मास्तर एकटे क्लॅरिनेटवर ती त्यांची हळू धून काढायचे. सगळे लोक नवरीकडे, गाडीकडे तोंड करून. मास्तर तिथंही उलटेच. गाडीकडे पाठ आणि दारात उभ्या राहिलेल्या नवरीच्या आईकडे तोंड. गाडी वळणाआड जाईपर्यंत ते त्या बाईसाठी वाजवायचे. मी एकदा विचारलं, असं का? "पोरीले सारेच पाह्यते बाई. मायकडे कोन पाह्यते?" त्यांनी स्वतःच्या दोन्ही मुलींच्या बिदाईला मास्तरीणबाईंसमोर उभं राहून असंच वाजवलं होतं. मास्तरीणबाई सांगायच्या, "रडाले बी देल्लं नाई या मानसानं. समोर उभा, डोये लावून. त्याचेच डोये भरून आलेले, मले वाटे हा आता सूर सोडते."

आता जे सांगायचं आहे ते सांगणं जड जातं.

आरमोरीच्या पुढे एका गावात वरात होती. गाणं अर्ध्यात आलेलं. अंतऱ्यात पितळी वाद्यं थांबतात, फक्त माझा आवाज आणि खाली हलका ढोल. नेमकी तेव्हा गाड्याची बॅटरी बसली. माइक मेला. घसा ताणला तरी माझा आवाज त्या गोंधळात माझ्यापर्यंतही पोचेना. मागून पोरं ओरडायला लागली, माइक बंद, माइक बंद. मी मास्तरांकडे पाहिलं की आता ते मूठ वर करतील. ते हसऱ्या तोंडानं माझ्याकडे बघत हातानं ठेका देत होते. पुढची ओळ घ्या, अशी मान हलवत होते. त्यांची नजर माझ्या तोंडावर होती म्हणून मी नुसते ओठ हलवत राहिले. अंतरा संपला तेव्हा मास्तरांनी, एखाद वेळी मनासारखं झालं की करायचे तशी, छातीवर हात ठेवून मान झुकवली. चहाच्या वेळी मुद्दाम जवळ आले. म्हणाले, "आज आवाज मोकळा लागला बाई. लय दिवसानं."

मी मॅटाडोरच्या मागे जाऊन रडले. दौलत माझा चहा घेऊन आला आणि बाजूला उभा राहिला.

"समजलं तुमाले?" तो म्हणाला.

"तुला माहीत होतं?"

"मांगच्या सीझनले मी जानून बेसूर लावला. दोनदा लावला. त्यायनं कान नाई धरला." दौलतनं तोंड फिरवलं. "ढोलवाल्यालेबी मालूम हाय. साऱ्यायले मालूम हाय."

जन्मभर ढोल-ताशाच्या आणि आमच्या ट्रम्पेटांच्या तोंडासमोर उभं राहून त्यांचे कान गेले होते. इतर कुणी बँडवाला असता तर महिन्याभरात उघडा पडला असता. मास्तर पडले नाहीत, कारण त्यांना आमची तोंडं वाचायची सवय होती. रस्ता वाचायचे तसं गाणंही ते आता आमच्या तोंडावरच वाचत होते. पुढं कुणी बैठक घेतली नाही की शपथा घातल्या नाहीत, पण आम्ही सगळे बदललो. ढोलवाला थांबायच्या आधी काठी डोक्याच्या वर न्यायला लागला. ट्रम्पेटवाले श्वास घेताना खांदे उचलून दाखवायचे. मी तोंड मोठं उघडून, एकेक अक्षर ओठांवर ठेवून गायचे. नाटकातली बाई मी, एवढं तर मला येत होतंच. मास्तरही कुणी काही विचारलं की आधी तोंडाकडे बघायचे, मग उत्तर द्यायचे, आणि नाहीच कळलं तर "पाहू, पाहू" म्हणायचे. त्यांना वाटत होतं आम्हाला माहीत नाही. आम्हीही ते तसंच राहू दिलं. बँडच्या पुढची ती जागा काढून घेतली तर या माणसात काय उरेल, याचा विचारसुद्धा आमच्याच्यानं होत नव्हता.

त्या चोरीत आमचे दोन उन्हाळे बरे गेले. खरं सांगते, बँड इतका चांगला त्याआधी कधी वाजला नव्हता. सगळ्यांचं सगळं लक्ष एका माणसाकडे.

मग ऊर्जानगरचं लग्न आलं. क्वार्टरांच्या मधल्या रस्त्यावरून वरात, लांब वीजकेंद्राच्या चिमण्या. लग्नघरानं बँडही सांगितला होता आणि डीजेही. फाटकापर्यंत बँड, तिथून पुढे डीजे, असं ठरलेलं. डीजेची गाडी फाटकाशी उभी होती, म्हणजे मास्तरांच्या पाठीमागे. आम्ही अर्ध्या वाटेवर असतानाच डीजेच्या पोरांनी तो सुरू केला. क्वार्टरांच्या काचा थरथरायला लागल्या. आमची वरात फुटली, नाचणारे सगळे तिकडे पळाले. माझाच आवाज मला येईना. दौलत गाल फुगवून फुंकत होता आणि ट्रम्पेटातून काही निघतंय की नाही ते कळत नव्हतं. आणि मास्तर क्लॅरिनेट वाजवत, मागच्या मागे, शांतपणे त्या भिंतीएवढ्या आवाजाकडे चालत होते. छातीला धक्के लागत असतीलच, पण ढोलाचे धक्के तर त्यांना जन्मभर लागत होते. आम्ही थांबलो नाही. थांबलो असतो तर त्यांना कळलं असतं. रिकाम्या रस्त्यावर, कुणालाही ऐकू न येणारा बँड आम्ही वाजवत राहिलो. गॅलरीतली माणसं हसत होती.

नवरदेवाचा मामा धावत आला. त्यानं मागून मास्तरांच्या खांद्याला धरलं आणि त्यांना गर्रकन आपल्याकडे फिरवलं. नेमका त्याच वेळी डीजेवाल्यानं आवाज कमी केला. त्यामुळे मामाचं ओरडणं साऱ्या कॉलनीनं ऐकलं. "बंद करा ना बाबा. बहिरे आहात काय?"

ते वाक्य मास्तरांनी त्याच्या ओठांवर वाचलं. मग ते आमच्याकडे वळले. आम्ही तोंडं सांभाळायला हवी होती. नवल तरी दाखवायचं, राग दाखवायचा, काहीही. पण आमच्यापैकी एकाच्याही तोंडावर नवल नव्हतं. दौलतनं खाली पाहिलं. ढोलवाल्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी, हिवाळाभर नाटकांत खोटं रडणारी बाई, मला साधं एक खोटं हसू आणता आलं नाही. मास्तरांनी एकेकाकडे बघितलं, अगदी शेवटच्या झांजवाल्यापर्यंत, आणि सगळं वाचलं.

त्यांनी टोपी काढून बगलेत घेतली आणि रस्त्याकडे तोंड करून सरळ चालायला लागले.

मास्तरांची पाठ मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिली. तो लाल कोट पुढून ते रोज ब्रश मारून लखलखीत ठेवायचे. मागून तो उन्हानं पार विटला होता. मधली शिवण उसवून पांढऱ्या दोऱ्यानं टाचलेली होती, ती पुन्हा उसवली होती. इतकी वर्षं आम्ही त्यांच्यासमोर चाललो आणि आम्हाला कुणालाच ते दिसलं नव्हतं. फाटकाजवळ गतिरोधक होता. त्याला ते अडखळले.

आम्ही मॅटाडोरमधून परतत होतो. मूल गावाच्या पुढे जंगल लागलं तेव्हा मास्तर दौलतकडे वळून म्हणाले, "कवापासून?" दौलतनं हातानं मागे, लांब, अशी खूण केली. मास्तरांनी ती खूण वाचली. मग हसले. म्हणाले, "सारेच्या सारे खोटं बोलले लेकहो. पन तालात बोलले." आणि हसता हसताच त्यांनी टोपी तोंडावर धरली.

त्यानंतर ते बँडसोबत आले नाहीत. आम्ही हातापाया पडलो, दौलत तर दारात बसून राहिला. थोरल्या जावयानं कानाचं यंत्र आणून दिलं. ते लावून मास्तर एक दिवस आमच्या सरावाला आले, थोडा वेळ बसले आणि काढून खिशात टाकलं. "भांडे पडल्यावानी ऐकू येते," म्हणाले. मग आम्ही दौलतला पुढं केलं. पहिल्याच लग्नात दौलत उलटा चालायला गेला आणि सरळ नालीत. आम्ही त्याला रस्ता दाखवला नाही असं नाही, पण त्याला आमच्या तोंडावरचं वाचता येत नव्हतं. डीजेनं उरलेलं काम पुरं केलं. कुणी गडचांदूरला सिमेंटच्या कामावर गेला, कुणी ई-रिक्षा घेतली, मी हिवाळ्याच्या नाटकांपुरती उरले.

मी अधूनमधून मास्तरांकडे जायचे. ते ओट्यावर बसलेले. समोरून डीजेची वरात गेली की छातीवर हात ठेवून म्हणायचे, "इथी लागते बाई. पन गानं नाई लागत." मग मला गायला लावायचे. मी नुसते ओठ हलवले तरी चाललं असतं, पण मी गल्ली गोळा होईपर्यंत मोकळ्या गळ्यानं गायचे. ते माझ्या तोंडाकडे टक लावून बघायचे आणि एखाद्या वेळी म्हणायचे, "दुसऱ्या ओयीत दम तुटला तुमचा." तुटलेला असायचा.

या हिवाळ्यात एका सकाळी मास्तरीणबाईंचा फोन आला. मी नाटकाच्या मुक्कामावरून जी निघाले ती चेहऱ्यावरचा रंगसुद्धा नीट पुसला नव्हता. सगळे आले होते. गडचांदूरचा झांजवाला कंपनीच्या कपड्यांत आला होता, ढोलवाल्यानं रिक्षातच ढोल घालून आणला होता. मास्तरीणबाईंनी पेटीतून लाल कोट काढून मास्तरांच्या अंगात घातला होता. उसवलेली शिवण खाली गेली होती. वरून कोट लखलखीत दिसत होता.

तिरडी उचलायच्या वेळी आप्तांपैकी कुणी तरी मला म्हणालं, "बाया घाटावर नाई जात." मास्तरीणबाई रडता रडता थांबल्या. "ते बाई नाई," त्या म्हणाल्या, "ते बँडची हाय. जाऊ द्या तिले." मग दौलत पुढे झाला. सगळे तिरडीकडे बघत होते, तो तिच्याकडे पाठ करून मास्तरीणबाईंसमोर उभा राहिला आणि त्यानं ट्रम्पेटवर मास्तरांची ती बिदाईची धून काढली. बेसूर काढली. सूर फाटत होता. आम्ही सगळ्यांनी नकळत तिरडीकडे पाहिलं, पण कान कोण धरणार होतं?

वैनगंगेकडे निघालो. बँड पुढे, तिरडी मागे. पण आमच्यापुढे कुणी नव्हतं. मोकळा रस्ता बघत वाजवायची आम्हाला सवय नव्हती. ठेका जमेना, ढोल एकीकडे, झांज एकीकडे. मारुतीच्या पाराजवळ दौलत थांबला आणि मागे वळला. मग ढोलवाला वळला, झांजवाला वळला, मी वळले. आणि मोरपंख बँड, जो काही उरला होता तो, रस्त्याकडे पाठ करून, मास्तरांकडे तोंड करून, उलटा चालायला लागला. लगेच ठेका जमला. तिरडीला पुढून खांदा दिलेला जावई एकदा गोंधळला, मग त्याला समजलं. खड्डा आला की तो डोळ्यांनी दाखवायचा, नाली आली की मान हलवायचा. आम्ही कुणी पडलो नाही.

घाटाच्या उताराला दौलतनं मला खूण केली, बाई, आता तुम्ही. पितळी वाद्यं थांबली. फक्त हलका ढोल उरला. मी तोंड उघडलं आणि आवाज आलाच नाही. लोक वाट बघत होते. मी मास्तरांच्या तोंडाकडे पाहिलं आणि एकेक अक्षर ओठांवर ठेवत, पूर्ण अंतरा, आवाजाशिवाय गायले. कुणालाच काही ऐकू आलं नाही. पण ते ज्यांच्यासाठी होतं त्यांना एवढं पुरायचं.